डॅशबोर्ड हिरवा, काम बंद: नेटवर्क मॉनिटरिंगच्या नावाखाली आमची झालेली फसवणूक

आमच्या कंपनीचं नेटवर्क सांभाळण्याचं कंत्राट ज्यांना दिलं होतं, त्यांच्या मासिक अहवालात अपटाइम, म्हणजे नेटवर्क चालू राहण्याचं प्रमाण, कधी 99.9 टक्क्यांखाली आलाच नाही. 30 दिवसांच्या महिन्यात 99.9 टक्के म्हणजे जेमतेम 43 मिनिटं बंद राहायची मुभा. इकडे आमची माणसं तासन् तास बिलिंग उघडायची वाट बघत बसायची. फोन केला की उत्तर ठरलेलं: "आमच्याकडे सगळं ग्रीन आहे."

डॅशबोर्डवर, म्हणजे स्थिती दाखवणाऱ्या त्यांच्या स्क्रीनवर, सगळं ग्रीन असणारच, कारण तपासणी फक्त पिंगची, म्हणजे मशीनला छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का ते बघण्याची, लावली होती. पिंगला उत्तर आलं म्हणजे मशीन नेटवर्कवर आहे, एवढंच कळतं. डेटाबेस अडकला, डिस्क भरली, सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपली तरी पिंग येतच राहतो. आम्ही मात्र पैसे मोजत होतो ते ॲप्लिकेशनपर्यंतच्या देखरेखीचे.

खरा संताप आला तो पुढे. बराच पाठपुरावा करून आम्ही त्यांच्या सिस्टिमचं फक्त बघण्यापुरतं लॉगिन आणि ऑडिट लॉग (कोणी कधी काय बदललं याची नोंद) मिळवला. राउटर बंद पडल्याचं काही वेळा पकडलं गेलं होतं, पण तो वेळ नंतर 'नियोजित देखभाल' म्हणून एसएलएच्या, म्हणजे करारातल्या सेवेच्या हमीच्या, हिशेबातून वगळला होता. बिघाड सकाळचा, देखभालीची नोंद संध्याकाळची! आम्हाला पूर्वसूचनेचा एक ईमेलही नव्हता. ही सरळसरळ लबाडी आहे.

तिकिटांचंही, म्हणजे नंबर देऊन नोंदवलेल्या तक्रारींचंही, तसंच. करारात वेळ होती 'प्रतिसादाची', दुरुस्तीची नव्हे. आपोआप जाणारा "तक्रार मिळाली" हा ईमेल प्रतिसादात धरला जायचा. प्रश्न न सोडवता तिकीट बंद, पुन्हा तक्रार केली की नवा नंबर, आणि घड्याळ पुन्हा शून्यावर.

'आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर' म्हणून दर उपकरणामागे परवाना शुल्क घेत होते, ते निघालं लोगो बदललेलं झॅबिक्स. झॅबिक्स हे मॉनिटरिंगचं मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्याला दर उपकरणामागे परवाना शुल्क लागत नाही. ते बसवण्या-चालवण्याच्या कामाचे पैसे जरूर घ्यावेत, परवान्याचे कसले?

करार मोडायचं म्हटल्यावर फायरवॉलचे (नेटवर्कमध्ये काय येऊ-जाऊ द्यायचं ते ठरवणाऱ्या उपकरणाचे) ॲडमिन पासवर्ड अडवून धरले. नेटवर्क आमचं, किल्ल्या त्यांच्याकडे.

कोणी असं कंत्राट देणार असेल तर सहीआधी हे लिहून घ्या: काय तपासणार आणि किती मिनिटांनी, देखभालीची सूचना किती आधी देणार, प्रतिसाद आणि दुरुस्तीच्या वेळा वेगवेगळ्या, आणि पहिल्या दिवसापासून डॅशबोर्डचं लॉगिन. सगळे ॲडमिन पासवर्ड आणि कॉन्फिगरेशनचे बॅकअप तुमच्याच ताब्यात हवेत. शिवाय एखादी साधी तपासणी स्वतंत्रपणे, त्यांच्या सिस्टिमबाहेरून चालवा आणि महिनाअखेरीस तिची नोंद त्यांच्या अहवालाशेजारी ठेवा. आकडे जुळले नाहीत तर खुलासा लेखी मिळेपर्यंत त्या महिन्याचं बिल मंजूर करू नका, आणि तसा हक्क देणारं कलम करारातच घालून घ्या.