आल्ता क्वालिता प्रोश्शुत्तो कोत्तो: पाकिटातल्या हॅमपेक्षा वेगळा कसा?

हॅम म्हटले की पाकिटातला, सगळीकडे एकसारखा गुलाबी आणि चावताना रबरासारखा लागणारा प्रकार माझ्या डोळ्यांसमोर येत असे. इटलीतल्या तुरीन शहरात घराजवळच्या सालुमेरियातून, म्हणजे हॅम-सॉसेजच्या दुकानातून, 'प्रोश्शुत्तो कोत्तो', म्हणजे इटालियन पद्धतीचा शिजवलेला हॅम, आणल्यापासून हे मत पार बदलले.

डुकराच्या मागच्या तंगडीतले हाड काढून, मीठ-मसाल्याचे पाणी आत टोचून, मांस मुरवून आणि साच्यात दाबून ते मंद वाफेवर शिजवतात. इटलीत २००५ च्या सरकारी आदेशाने याच्या तीन प्रती, म्हणजे दर्जे, ठरवल्या आहेत: साधी, 'शेल्तो' (निवडक) आणि 'आल्ता क्वालिता' (उच्च दर्जाची). प्रत जितकी वरची, तितके मांसात पाणी कमी असावे लागते, आणि सर्वांत वरच्या प्रतीत मांडीचे मुख्य स्नायू कापामध्ये वेगवेगळे ओळखू यावे लागतात. माझ्यासमोर कापून दिलेली चकती उजेडात धरली तेव्हा स्नायूंमधल्या फिकट रेषा आणि कडेची पांढरी चरबी स्पष्ट दिसली. याउलट सुपरमार्केटमधून आणलेल्या एका स्वस्त पाकिटाच्या तळाशी पाणी साचले होते, आणि तव्यावर टाकताच ती चकती आक्रसून स्वतःच्याच पाण्यात उकळू लागली.

चीज घालून भाजलेला टोस्ट, मटार आणि क्रीमचा पास्ता, काप्रिचोझा पिझ्झा, अशा अनेक पदार्थांत हा हॅम वापरतात. मात्र तो आधीच शिजलेला असल्याने शेवटी घालावा, नाहीतर कोरडा पडतो. मला सर्वाधिक आवडली ती इटलीतल्याच त्रिएस्ते शहराची पद्धत: कोमट हॅमचे हाताने कापलेले जाड काप आणि वर ताजे किसलेले हॉर्सरॅडिश, म्हणजे एक झणझणीत मूळ, ज्याला तिकडे 'क्रेन' म्हणतात. ते नाकात असे चढते की आपल्या फेसलेल्या मोहरीची आठवण यावी.

पोषणाच्या दृष्टीने प्रथिने भरपूर आणि, कडेची चरबी काढली तर, स्निग्धांश बेताचा. मीठ मात्र १०० ग्रॅममध्ये साधारण २ ग्रॅम असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. शिवाय नायट्राइट घालून टिकवलेला हा पदार्थ प्रक्रिया केलेल्या मांसात मोडतो, आणि असे मांस कर्करोगाला कारणीभूत ठरते असे याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केले आहे. म्हणून मुलांच्या डब्यात तो रोज देणे मला पटत नाही; आमच्याकडे पंधरवड्यातून एकदाच येतो.

घेताना 'उन एत्तो', म्हणजे १०० ग्रॅम, एवढाच मागावा, समोर पातळ कापून घ्यावा आणि दोन दिवसांत संपवावा. तिसऱ्या दिवशी कडा सुकतात आणि सुगंध उडून जातो.