म्युझिक स्ट्रीमरसाठी झीरो २ डब्ल्यू घ्यावा की पाय ४?

घरच्या स्पीकरवर गाणी वाजवणारी डबी (म्युझिक स्ट्रीमर) बनवायची तर रास्पबेरी पाय या छोट्याशा कॉम्प्युटरचा बोर्ड कुठला घेऊ हे सगळे आधी विचारतात, पण खरं तर आधी एवढंच ठरवा की गाणी राहणार कुठे. घरात आधीच एखादा कॉम्प्युटर किंवा नॅस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारी डिस्कची पेटी) चालू असेल, नाहीतर सगळं ऐकणं स्पॉटिफायवर असेल (त्याला प्रीमियम खातं लागतंच), तर या डबीचं काम फक्त वाजवायचं. हार्डडिस्क तिलाच लावायची आणि लायब्ररीही तिनेच सांभाळायची असेल तर गोष्ट वेगळी.

फक्त वाजवायचं असेल तर रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू बिनधास्त घ्या. ५१२ एमबी रॅम ऐकून लोक नाक मुरडतात पण फ्लॅक (दर्जा न घालवता आकार कमी केलेली गाण्याची फाइल) वाजवायला प्रोसेसरला काही जोर लागत नाही, आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झचंच आहे म्हणून घाबरू नका कारण सीडीचा ऑडिओ कॉम्प्रेस न करता पाठवला तरी सेकंदाला १.४ मेगाबिट होतो, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ घेतला तरी ९.२ च्या आसपास. त्रास होतो तो आजूबाजूच्या राउटरांच्या गर्दीने. तशी गर्दी असेल तर गाणं अडखळतं, आणि झीरोला लॅन पोर्ट नाही त्यामुळे वायर लावून सुटकाही नाही. वर जोडकार्ड बसवायच्या पिना सोल्डर केलेल्या आहेत का तेही घेताना बघा.

डिस्क लावणार असाल तर पाय ४, २ जीबीवाला पुरतो. जुना पाय ३ पडून असेल तर वापरा, पण त्यात लॅन आणि चारही यूएसबी एकाच यूएसबी २ च्या वाटेने जातात, म्हणजे डिस्क, डॅक (डिजिटल गाण्याचा स्पीकरला चालणारा सिग्नल करणारं उपकरण) आणि नेटवर्कची एकाच दारात धक्काबुक्की. पाय ४ मध्ये लॅन वेगळा आणि यूएसबी ३ वेगळं. पाय ५ या कामाला जास्तच होतो, गरम होतो आणि त्याला हेडफोन जॅकही नाही.

अर्थात पाय ४ चा जॅक असून नसल्यासारखाच, आवाज पातळ आणि मागे खरखर, त्यावर चांगले स्पीकर वाया घालवू नका. डॅक हवाच. झीरोवर पिनांवर बसणारा हॅट (डॅकचं छोटं जोडकार्ड) छान, सगळं मुठीत मावतं. पाय ४ ला मी यूएसबी डॅक लावेन, कारण बहुतेक चांगल्या यूएसबी डॅकचं स्वतःचं क्लॉक (आवाजाची वेळ अचूक धरणारं घड्याळ) असतं आणि उद्या तोच लॅपटॉपलाही लागतो. साध्या हॅटला मात्र क्लॉक पायकडूनच मिळतं. स्वतःचे ऑसिलेटर, म्हणजे स्वतःचं क्लॉक असलेले हॅट येतात, जमलं तर तसाच बघा.

आणि कृपा करून पॉवर सप्लायवर वाचवू नका. मी पाय ४ ला फोनचा चार्जर लावला होता, अल्बम अर्धा झाला की डिस्क गायब, दोन दिवस मी डिस्कलाच दोष देत होतो. शेवटी टीव्हीला जोडून बघितलं तर कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह, म्हणजे व्होल्टेज कमी पडतंय. ५.१ व्होल्ट ३ अँपचा सप्लाय लावला आणि तेव्हापासून एकदाही डिस्क सुटलेली नाही.

सॉफ्टवेअरमध्ये व्हॉल्युमिओ सगळ्यात सोपं आणि दिसायला देखणं, पण टायडल, कोबझसारख्या स्ट्रीमिंग सेवांच्या सोयी पैसे भरल्यावर. मूड ऑडिओ पूर्ण फुकट, सेटिंग्ज ढीगभर, हौशी माणसाला मजा येईल, पाय ४ वर माझी पसंती त्यालाच. झीरोवर मात्र पायकोरप्लेअर, कारण ते बूट झालं की रॅममधूनच चालतं, घरात कोणी सरळ बटण बंद केलं तरी एसडी कार्ड खराब व्हायची भीती जवळपास नाही. फक्त सेटिंग बदललं की बॅकअप घ्या, नाहीतर पुढच्या वेळी चालू केल्यावर तो बदल गेलेला असतो.