गाडीतली वाळू काढून देणाऱ्यांपासून सावध राहा, आमचे ९,७९९ गेले

आता सुट्ट्यांत सगळे कोकणात जाणार आणि परत आल्यावर गाडी साफ करून देणारं कोणीतरी शोधणार, म्हणून लिहितेय. कोणाचे तरी पैसे वाचू देत.

आम्ही गुहागरला गेलो होतो, गाडी माझ्या दादाची. पोरं समुद्रातून थेट मागच्या सीटवर. वाळू कशी बसते माहितीच असेल, मॅट झटकल्या तरी सीटच्या रुळांत, सीटबेल्टच्या बकलात, कार्पेटखालच्या फेल्टमध्ये राहतेच, वरून व्हॅक्यूम मारला की साफ दिसतं आणि हाताने दाबलं की परत वर येते. गाडी सोमवारी परत द्यायची होती आणि दुसऱ्याची वस्तू आहे तशी द्यावी एवढंच माझ्या डोक्यात होतं. ऑनलाइन जाहिरात दिसली, घरी येऊन इंटिरिअर क्लीनिंग, वाळूसाठी खास मशीन, ७९९ रुपये. स्लॉट बुक करायला १९९ ॲडव्हान्स. रिव्ह्यू बघितले होते, सगळे चांगले होते, त्यामुळे न बघता पैसे टाकले असं कोणी म्हणू नका.

दोघं आले, बोलायला एकदम गोड, ताई ताई करत. मी वर चहा टाकायला गेले तेवढ्यात पुढच्या दोन्ही सीट काढून पार्किंगमध्ये ठेवल्या. मग रेट सांगायला सुरुवात. "ताई, ७९९ मध्ये फक्त वरचं येतं, आतल्या वाळूचं एक्स्ट्रॅक्शन वेगळं, २,४००." सीट बाहेर पडलेल्या, हे लोक निघून गेले तर मी त्या बसवणार कशा? मी हो म्हणाले. हीच त्यांची पद्धत आहे, आधी गाडी उघडून ठेवायची आणि मग आकडा बोलायचा.

आणि मग तो प्रकार ज्याच्यामुळे अजून रात्री झोप लागत नाही. त्यातला एकजण ग्लोव्हबॉक्सजवळ वाकून काहीतरी करत होता, मला हाक मारली आणि तळहात पुढे केला. "ब्लोअरमधून निघाली बघा, मोटर जाम होईल, एसीचं काम तीस हजारात जाईल." हातात मूठभर वाळू. राखाडी, भरड, टोकदार खडे. गुहागरची वाळू बारीक असते, त्यात शिंपल्यांचा चुरा असतो, आदल्याच दिवशी मी ती पोरांच्या केसांतून काढली होती. ही वाळू तसली नव्हतीच, ही क्रश सँड होती, आमच्या गेटजवळ प्लास्टरच्या कामासाठी तिचा ढीग पडलाय आणि रोज तिथूनच जाते मी! रंग वेगळा वाटला होता मला, अगदी तोंडावर आलं होतं विचारायला, पण तेवढ्यात दुसऱ्याने तीस हजाराचा हिशोब सुरू केला आणि गाडी दादाची. कोणीही घाबरलं असतं. शिवाय साधा विचार करा, ब्लोअर ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, पायातली भरड वाळू तिथे मुठीने चढेल कशी?

ब्लोअर सफाई ३,८००, केबिन फिल्टर, म्हणजे एसीची हवा गाळणारा, बदलायचे ९५०, खाऱ्या पाण्यासाठी अँटी-रस्ट कोटिंग १,८५०. आधीचे धरून ९,७९९. क्यूआरवर भलतंच नाव आलं, म्हणे मालकाच्या बायकोचं खातं आहे. बिल व्हॉट्सॲपवर येणार होतं, ते आलंच नाही, नंबर बंद.

दोन दिवसांत गाडीला कुबट वास. दादाच्या मेकॅनिकने कार्पेट उचललं तर खाली फेल्ट ओलंगच्च आणि सगळी वाळू तिथेच चिखल होऊन बसलेली, कारण त्यांनी कोरडी वाळू न काढता वरून फोम आणि पाणी मारलं होतं. वाळूवर आधी पाणी कधीच मारू देऊ नका. फिल्टर बाहेर काढला तर जुनाच, त्यावर त्याच मेकॅनिकने मार्करने लिहिलेले किलोमीटर तसेच. कोटिंगचा पत्ता नाही. सगळं उचलून सुकवायचे वर २,३५० गेले.

चौकीत गेले तर म्हणे पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, यात फसवणूक कुठे, जाहिरात ऑनलाइन होती ना मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले माणसं घरी आली होती ना, मग चौकीत जा. परत चौकीत. तिथे साहेब बंदोबस्ताला. मी सांगितलं, ४२० गेलं तरी भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहेच की, तर समोरचा म्हणतो मॅडम तुम्ही वकील आहात का. साधा अर्ज घेऊन पोच द्यायला यांचं काय जातं? सोसायटीच्या कॅमेऱ्यात दोघांचे चेहरे दिसताहेत, खात्याचं नाव आहे, अजून काय आणून द्यायचं आम्ही? बँकेचं वेगळंच, पिन तुम्हीच टाकलाय म्हणजे व्यवहार अधिकृत, तक्रार बंद. जाहिरात दाखवणाऱ्यांकडे रिपोर्ट केलं तर उत्तर आलं की नियमभंग आढळला नाही. मग फसवलेल्या माणसाने जायचं कुठे?

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकलीये. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते, पण समोरच्याचा पत्ता लागतो, म्हणून काम सुरू व्हायच्या आधीच आधार कार्डाचा आणि त्यांच्या गाडीच्या नंबरचा फोटो घ्या. नाही म्हणाले तर गेटवरूनच परत पाठवा.

आणि घरी करणार असाल तर वाळू आधी पूर्ण सुकू द्या, दारं उघडी ठेवून उन्हात. सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून रुळ ब्रशने झाडा, कार्पेटवर हाताने थापट्या मारत राहा म्हणजे खालची वर येते, ती चपट्या नोझलने ओढा. डिकीत स्टेपनीखालचा खड्डा बघा, तिथे हमखास असते. सीट स्वतः उघडू नका, बऱ्याच गाड्यांत सीटमध्ये एअरबॅगची वायर असते. केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत ग्लोव्हबॉक्स उतरवला की दिसतो, कोणी बदलायचा म्हणाला तर जुना हातात मागा.

तीच जाहिरात, तेच फोटो अजून चालू आहेत, फक्त नाव आणि नंबर बदललाय, ॲडव्हान्स आता २४९ केलाय.