‘आपल्या गर्मीत हे पत्रे लागत नाहीत, साहेब’

ठाण्याजवळ गायमुखच्या चढावर माझी जुनी फोक्सवॅगन बीटल बंद पडली तेव्हा ‘नवीन’ इंजिन बांधून तीनशे चाळीस किलोमीटर झाले होते. आधी ओढ कमी झाली, मग मागून कोणी पत्र्यावर हातोडी मारावी तसा टक-टक आवाज, मग जळक्या ऑइलचा वास. मे महिना, दुपारचा दीड. घोडबंदर रोडवर मागे कंटेनरवाले हॉर्न वाजवतायत आणि बायको पाण्याची बाटली घेऊन इंजिनावर ओतायला निघालेली. तिला थांबवलं. हे इंजिन हवेवर थंड होतं, एवढं तरी मला माहीत होतं. बाकी जे माहीत नव्हतं त्याचे दोन लाख पस्तीस हजार मोजले.

गाडी १९६७ ची, १३०० सीसी, आप्पाकाकांची. ते गेल्यावर सात वर्षं नौपाड्यात आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी होती. काका फिटर, बारीकसारीक कामं स्वतःच करायचे. सिलिंडरच्या खालच्या एका पत्र्याला तडा गेला होता, तो त्यांनी पितळेने झाळून घेतला होता. बोटभर लांब, सोनेरी, ओबडधोबड रेघ.

मिस्त्री एका ओळखीच्याने सुचवला. वागळे इस्टेटमध्ये गॅरेज. नाव लिहीत नाही. माणूस गोड, चहा मागवल्याशिवाय बोलायला सुरुवात करायचा नाही. म्हणाला, “साहेब, हे इंजिन जर्मनीच्या थंडीसाठी बनवलंय. आपल्याकडे तसंच बांधलं तर सहा महिन्यांत बसेल. मी गर्मीचं इंजिन बांधून देतो.” ‘गर्मीचं इंजिन’ हा शब्द मला इतका आवडला की घरी येऊन दोनदा सांगितला.

एस्टिमेट एक लाख चाळीस हजार, वहीच्या पानावर. ७७ मिलिमीटरचा नवा पिस्टन-सिलिंडर सेट, हेडचं काम आणि क्रँककेसचं लाइन बोरिंग. हे शेवटचं महत्त्वाचं. बीटलची क्रँककेस, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची; हलकी पण मऊ. वर्षानुवर्षं तापून आणि ठोके खाऊन मेन बेअरिंगच्या (ज्यांत इंजिनाचा मुख्य दांडा फिरतो) बैठका लांबट होतात. मग त्या लेथवाल्याकडून सरळ रेषेत बोर करून बाहेरून जाड, ओव्हरसाइज बेअरिंग बसवतात. नाहीतर ऑइलचं प्रेशर टिकत नाही, आणि या इंजिनात ऑइल जेमतेम अडीच लिटर. सिलिंडर थंड ठेवायला हवेच्या जोडीला तेवढंच असतं.

मग ‘गर्मी’च्या नावाखाली एकेक खर्च वाढत गेला. जादा ऑइल कूलर लावला. थर्मोस्टॅट (इंजिन थंड असताना फॅनच्या झडपा मिटून ठेवणारा भाग) काढला, “आपल्याकडे इंजिन गरम करायची गरजच काय?” फॅनच्या डब्यातल्या झडपा काढल्या. सिलिंडरखालचे पत्रे काढले, “मोकळी हवा लागू दे.” इंजिनाभोवतीचं रबराचं सीलही काढलं. मला सगळं पटलं. उकडलं की आपण शर्टाचं बटण उघडतोच की.

फसलो ते इथे. थर्मोस्टॅट नसल्याने इंजिन लगेच तापत नाही, कारण तो नसला की स्प्रिंगने झडपा उघड्याच राहतात. त्याच्या बोलण्यात एवढा एक तुकडा खरा होता, आणि त्याच्या आडून बाकीचं खपलं. फॅनची हवा वरून येते. ती सिलिंडरच्या पंखांना, म्हणजे बाहेरच्या पातळ कडांना, खालपर्यंत लपेटून जावी म्हणून ते पत्रे असतात. ते नसले तर हवा सोपी वाट धरून खाली निसटते आणि सिलिंडरची खालची बाजू भाजत राहते. रबरी सीलचं काम त्याहून साधं: खालची तापलेली हवा वर येऊ द्यायची नाही. सील गेलं की फॅन तीच गरम हवा पुन्हा ओढतो. ज्या देशात ऊन जास्त, तिथे या गोष्टी जास्तच लागतात. मी इंजिनिअर आहे, हे इथे लिहिताना लाज वाटते. (सॉफ्टवेअरचा, पण तरी.)

इशारा मिळाला होता. कापूरबावडीच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की ऑइलचा दिवा मिचमिच करायचा. फोन केला तर “नवीन आहे, सेट होईल.” गाडी जाम झाल्यावर म्हणाला, “साहेब, पेट्रोलमध्ये आता इथेनॉल किती असतं!” यातही तुकडा खरा. वीस टक्के इथेनॉलने जुने रबरी पाइप खराब होतात आणि हवेच्या मानाने इंधन थोडं कमी पडतं, म्हणून पाइप बदलावेत, जेटिंग (कार्ब्युरेटरमधून इंधन किती सुटतं ते) तपासावं. पण पेट्रोल बेअरिंगच्या मापाचा नंबर बदलत नाही.

तो नंबर तुर्भ्यातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने दाखवला. चार बोल्ट सोडून इंजिन खाली घेतलं, केस उघडली, बेअरिंग फडक्याने पुसून उलटं माझ्या हातात दिलं. पाठीवर कोरलेलं: स्टँडर्ड, म्हणजे मूळ माप. बोरिंग केलेल्या केसमध्ये स्टँडर्ड बेअरिंग सैलच बसणार. म्हणजे बोरिंग झालंच नव्हतं. मग पिस्टन. पहिल्यांदा इंजिन उघडलं तेव्हा हौसेने फोटो काढले होते. तीन नंबरच्या माथ्यावर नखाएवढा टवका होता. आता जाम झालेला पिस्टनही तीन नंबरचाच, आणि टवका जिथल्या तिथे. जुनाच घासून, नव्या रिंगा घालून, वरून सिलिंडरला काळा रंग मारला होता. या जुन्या मॉडेलांत फॅनच्या डब्यातला ऑइल कूलर तीन नंबरची हवा अडवतो, म्हणून तोच आधी मरतो. १९७१ पासून कूलर बाजूला सरकवला तो याचसाठी.

गाडी कुणाकडे देणार असाल तर पहिल्या दिवशी सांगा, जुना पार्ट गोणीत घालून परत हवा. पत्रे, स्क्रू, फुटलेलं वायसरसुद्धा. मी ‘भंगार कुठे ठेवू’ म्हणून नको म्हटलं. बेअरिंग बसवण्याआधी त्याच्या पाठीचा आणि पिस्टनच्या माथ्याचा फोटो मागा. लेथवाल्याचं बिल वेगळं मागा, तिथे स्वतः जा. आगाऊ पैसे रोख देऊ नका. मी निम्मे रोख दिले, त्यांचा पुरावा वहीचं पान. उरलेल्या यूपीआयच्या नोंदी आणि व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट जोडून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची, हे मला आधी माहीत नव्हतं. निकाल लागायचा तेव्हा लागेल.

तुर्भ्याचा मिस्त्री म्हणाला, पत्र्यांशिवाय बांधणार नाही, शोधून आणा. शनिवारी कुर्ल्याला गेलो. जुन्या पार्टच्या एका दुकानात पोराने माळ्यावरून गोणी ओढली आणि जमिनीवर ओतली. तिसरा पत्रा उलटा पडला. बोटभर लांब, सोनेरी, ओबडधोबड रेघ.

नऊ हजार सांगितले, साडेसातला दिले. पैसे मोजताना दुकानदाराने विचारलं, “साहेब, बसतील ना तुमच्या गाडीला?”

म्हटलं, बसतील.