सात गुणिले पन्नास: सरोवरासाठी घेतलेली दुर्बीण आणि मांडवीवरच्या बार्जी

मालवाहू जहाजे पाहण्यासाठी म्हणून गेल्या वर्षी मे महिन्यात मी पणजीतील एका दुकानातून ७×५० ची, आत होकायंत्र बसवलेली सागरी दुर्बीण साडेबारा हजार रुपयांना घेतली. आता तिने दोन पावसाळे काढले आहेत, त्यामुळे तिच्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. याच ठेवणीच्या आणि याच किमतीच्या तीन-चार दुर्बिणी बाजारात आहेत, त्यांच्यात उणे-अधिक फारसे नसावे, आणि पुढे ज्या तक्रारी करणार आहे त्या एकाच कंपनीच्या माथी मारण्याची माझी इच्छा नाही.

खरेदीचे निमित्त घरचेच होते. माझी भाची अमेरिकेत मिनेसोटा राज्यातील डुलूथ या गावी असते आणि हे गाव सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला आहे. ‘आत्या, येताना लोणचे नको, दुर्बीण आण,’ असे तिने फोनवर सांगितले, तेव्हा ती थट्टा करते आहे असे मला वाटले होते. गोड्या पाण्याच्या तळ्यात बघण्याजोगे जहाज ते काय असणार, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात सुपीरियर आणि त्याला जोडलेली मोठी सरोवरे अशा पाच सरोवरांवर चालणाऱ्या जहाजांपैकी तेरा जहाजे हजार फूट किंवा त्याहून लांब आहेत. पहिले १९७२ साली आले, आणि त्यांतले सर्वांत लांब ‘पॉल आर. ट्रेगर्था’ हे १९८१ सालचे जहाज १०१३.५ फूट, म्हणजे जवळजवळ ३०९ मीटर भरते. एवढ्या धुडाला तिथले लोक ‘बोट’ म्हणतात, जहाज म्हणत नाहीत. आपल्याकडेही घरातला तारवटी, म्हणजे खलाशी, जगाच्या कुठल्याही समुद्रात असला तरी तो ‘बोटीवर’च असतो, त्यामुळे मला तो शब्द ऐकून एकदम घरच्यासारखे वाटले. माल तर आणखी ओळखीचा निघाला. मिनेसोटातले लोहखनिज डुलूथ आणि आसपासच्या बंदरांत भरायचे, सू येथील जलपाशांतून, म्हणजे पाणी चढवून-उतरवून बोटी वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कुंडांतून, सुमारे एकवीस फूट खाली उतरवून ह्युरन सरोवरात न्यायचे आणि पुढे पोलाद कारखान्यांच्या दारात ओतायचे. साखळी, कुडचडे, सावर्डे या गोव्याच्या खाणींच्या भागांत वाढलेल्या माणसाला यातले काहीही समजावून सांगावे लागत नाही.

मात्र ज्या कामासाठी दुर्बीण नेली, त्या कामाला ती डुलूथमध्ये जवळजवळ निरुपयोगी ठरली, हे आधीच सांगून टाकते. तिथे सरोवरातून बंदरात शिरण्यासाठी सुमारे तीनशे फूट रुंदीचा कालवा आहे. त्यावरचा पूल १९०५ सालचा असून १९२९–३० मध्ये तो संबंध उचलला जाईल असा करण्यात आला. कालव्याच्या दोन्ही बाजूंना सिमेंटचे धक्के असून लोक त्यांवर घडीच्या खुर्च्या मांडून बसतात. बोट जवळ आली की ती भोंगा देते, पूल त्याच चालीत उत्तर देतो, आणि मग शंभर फुटांहून अधिक रुंदीची ती लोखंडी भिंत आपल्या अंगावरून गेल्यासारखी जाते. आमच्या दुर्बिणीचा दृष्टिक्षेप एक किलोमीटर अंतरावर साधारण १३० मीटरचा आहे. इतक्या जवळून तिच्यातून पाहिले तर रंगाचे पोपडे आणि खिळ्यांच्या रांगा दिसतात, बोट दिसत नाही. मी दुर्बीण छातीवर सोडून दिली आणि नुसत्या डोळ्यांनी पाहिले.

तिचा उपयोग झाला तो त्याआधीच्या पाऊण तासात. क्षितिजावर बोट दिसायला लागते तेव्हा ती नुसता एक ठिपका असते, आणि तो ठिपका कोणाचा हे ओळखण्यातच या छंदातली खरी मजा आहे. जुन्या सरोवरी बोटींची चालकखोली नाकावर आणि इंजिन शेपटाला असते, मधला सगळा भाग माल ठेवण्यासाठी मोकळा. १० नोव्हेंबर १९७५ च्या वादळात २९ खलाशांसह सुपीरियरमध्ये बुडालेली ‘एडमंड फिट्झजेरल्ड’ याच बांधणीची होती. समुद्रातून आलेल्या परदेशी जहाजाची सगळी इमारत मागे असते. हा फरक आठ-दहा किलोमीटरवरून या दुर्बिणीत स्वच्छ कळला. जूनमध्ये सरोवराचे पाणी बर्फासारखे थंड आणि वरची हवा उबदार असल्यामुळे एका सकाळी तर बोट पाण्यापासून सुटून हवेत तरंगताना दिसली. भिंगात दोष आहे असे समजून मी ती तीनदा पुसली.

आता आकड्यांविषयी, कारण दुकानात सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. सात म्हणजे वस्तू सातपट जवळ दिसते आणि पन्नास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास पन्नास मिलिमीटर. पन्नासला सातने भागले की साधारण सात येतात. तेवढ्या मिलिमीटर रुंदीचा प्रकाशाचा झोत डोळ्यात उतरतो, आणि अंधारात माणसाची बाहुली फार तर तेवढीच मोठी होते. म्हणून पहाटे आणि तिन्हीसांजेला ही दुर्बीण जे दाखवते ते त्याच किमतीची दहापट दुर्बीण दाखवू शकत नाही. दुसरे म्हणजे हाताचा कंपही तितक्याच पटींनी वाढतो. दोनापावलाच्या जेटीवर एक गृहस्थ दहापासून तीसपटीपर्यंत फिरणारी झूम दुर्बीण घेऊन नेहमी भेटतात. त्यांनी एकदा कौतुकाने ती माझ्या हाती दिली. तीसवर नेली तेव्हा मुरगावचा अख्खा धक्का भूकंप झाल्यासारखा नाचू लागला, आणि वर सगळे काळपट. त्यांना तसे तोंडावर म्हणणे बरे दिसले नसते, म्हणून इथे म्हणते: या छंदासाठी सातच्या वर जाऊ नये, जायचेच असेल तर तिपाई घ्यावी.

आमचे घर बेतीच्या चढावर आहे आणि स्वयंपाकघराची खिडकी मांडवीवर उघडते. नदीच्या मधोमध जाणारी खनिजवाहू बार्ज तिथून चारशे-साडेचारशे मीटरवर असते, आणि या अंतरावर ही दुर्बीण जे काम करते त्यासाठी मी तिचे सगळे अपराध पोटात घालायला तयार आहे. भरलेली बार्ज इतकी खाली बसलेली असते की नुसत्या डोळ्यांना ती बुडते आहे असेच वाटावे, फक्त खनिजाचे तांबडे ढीग आणि मागची केबिन तेवढी वर. दुर्बिणीतून नाकाजवळचे पांढरे अंक वाचता येतात. प्रत्येक अंक दहा सेंटिमीटर उंच असतो आणि अंकाचा तळ जिथे पाण्याला टेकतो ती त्या क्षणाची डूब, म्हणजे बार्ज किती मीटर पाण्याखाली आहे ते. एका सकाळी मी २·८ वाचला, तेवढ्यात फेरीबोट आडवी गेली, तिच्या लाटेत आठाचे खालचे वर्तुळ बुडाले आणि वरचे तेवढे राहिले. मागच्या बाजूला एक पोरगा टोपात तांदूळ धूत होता. त्याने पाणी नदीत ओतले आणि हात झटकले, तेही दिसले. तीच बार्ज संध्याकाळी रिकामी परत येते तेव्हा दोन पुरुष उंच दिसते, बुडाचा लाल रंग आणि त्यावरचे गंजाचे ओघळ उघडे पडतात. गोड्या पाण्यातल्या बोटींचे पत्रे वर्षानुवर्षे टिकतात. १९०६ साली पाण्यात उतरवलेली एक बोट २०१३ पर्यंत स्वतःच्या यंत्रावर सरोवरात सिमेंट वाहत होती. आमच्या खाऱ्या पाण्यात ते शक्य नाही, हे या ओघळांकडे पाहून कळते.

अर्थात बार्जी रोज दिसतील असे नाही. २०१८ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खाणी थांबल्या तेव्हा ही खिडकी जवळजवळ रिकामीच झाली होती, आणि लिलाव होऊन काम पुन्हा सुरू झाले असले तरी पूर्वीची ती रांग अजून दिसत नाही. पावसाळ्यात तर आग्वादच्या मुखाशी वाळूचा पट्टा आणि लाटा यांमुळे बार्जी मांडवीतून समुद्रात न जाता कुंभारजुवे कालव्यातून जुवारीकडे वळतात. भाचीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, आमच्याकडेही सूचे पाश १५ जानेवारीपासून २५ मार्चपर्यंत बंदच असतात. तिचे पाणी गोठते, माझे खवळते, आणि दोघींच्या दुर्बिणी त्या काळात कपाटात पडून असतात.

मोठ्या जहाजांसाठी मात्र घराबाहेर पडावे लागते. नांगरलेली जहाजे दोनापावलाहून दिसतात, पण वास्कोजवळच्या सड्यावरच्या जपानी बागेच्या उंचीवरून अधिक चांगली दिसतात. नाकावरच्या नावाची अक्षरे मीटरभर उंच असली तर ती स्वच्छ हवेत साधारण चार किलोमीटरपर्यंत वाचता येतात. पाचला अंदाज करावा लागतो, त्यापुढे फोनवरचे जहाजांचा माग दाखवणारे ॲप उघडावे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी धुरके असते तेव्हा हे अंतर निम्म्यावर येते आणि त्यात दुर्बिणीचा दोष नाही. माल भरताना जहाज जास्तीत जास्त किती खोल बसू द्यायचे हे दाखवणारी प्लिम्सॉलची खूण एवढ्या अंतरावरून दिसत नाही. पण बुडाचा लाल आणि वरचा काळा यांच्यामधली रेघ दिसते, आणि दोन दिवस लागोपाठ गेले तर लाल पट्टा बारीक होत गेलेला कळतो, म्हणजे माल चढतो आहे. आमच्या पिढीतल्या गोवेकरांना नुसत्या डोळ्यांनी जहाज पाहण्याची सवय ‘रिव्हर प्रिन्सेस’ने लावली. जून २००० मध्ये कांदोळीच्या वाळूत रुतलेले ते धूड दशकभराहून अधिक काळ तिथेच होते, आणि त्यासाठी दुर्बीण लागत नव्हती.

भिंगात कोरलेल्या मापाच्या रेघा मी सुरुवातीला दिखाऊ समजत होते. त्या उपयोगी आहेत. जहाजाची लांबी ठाऊक असेल आणि ते आडवे उभे असेल तर लांबीला रेघांवरच्या मापाने भागून हजाराने गुणले की अंतर निघते. २२५ मीटरचे जहाज रेघांच्या मापावर ४५ भरत असेल तर ते पाच किलोमीटरवर आहे. २२५ हा आकडा लक्षात ठेवावा, कारण त्या लांबीची जहाजे जगभर पुष्कळ आहेत आणि १९५९ मध्ये खुल्या झालेल्या सेंट लॉरेन्स जलमार्गातून सरोवरांत येऊ शकणाऱ्या जहाजाची कमाल लांबीही जवळजवळ तेवढीच आहे. होकायंत्र मात्र केवळ शोभेचे. दीड वर्षात त्याचा मला एकदाही उपयोग झाला नाही, आणि त्याच्या दिव्याची बटण-बॅटरी पहिल्याच पावसाळ्यात पाझरली.

रात्रीची परीक्षा पणजीत फुकट घेता येते. समोर मांडवीत कॅसिनोंची जहाजे दिव्यांनी लखलखत असतात. स्वस्त भिंगांत त्या प्रत्येक दिव्याला शेपूट फुटते आणि शेजारच्या काळोखात त्याचे हिरवट भूत उमटते. या दुर्बिणीत एखादे फिकट भूत दिसते, पण त्या झगमगाटाच्या कडेने अंधारात सरकणाऱ्या बार्जचा लाल-हिरवा दिवा ओळखता येतो, आणि मला तेवढे पुरते.

आता तक्रारी. दुकानातून पहिली आणली तिची दोन चित्रे जुळत नव्हती. मांडवीवरच्या अटल सेतूची आडवी रेघ एका डोळ्याला वर आणि दुसऱ्याला खाली दिसत होती, आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकू लागले. दुकानदाराने सुरुवातीला ‘सवय होईल, बाई’ असे सांगितले. सवय होत नसते. नवी घेताना पुलाची किंवा इमारतीच्या गच्चीची रेघ पाहून दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून वीतभर दूर न्यावी, रेघ दोन्हीकडे एकाच पातळीत राहिली पाहिजे. तिसऱ्या खेपेस बदलून मिळाली. दुसरी गोष्ट बुरशी. आत नायट्रोजन भरलेला असल्यामुळे आतली भिंगे स्वच्छ राहिली, परंतु बाहेरच्या भिंगाच्या कडेला ऑगस्टमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागले, आणि सोबत आलेल्या कापडी पिशवीला व पट्ट्याला तर अक्षरशः हिरवी लव आली. पिशवी फेकून द्यावी. मी आता दुर्बीण बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवते, दर पंधरवड्याला पुड्या तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा घालते, आणि दुसऱ्या पावसाळ्यात काही झाले नाही. उजव्या नेत्रिकेचे कडे घट्ट झाले म्हणून ती सेवा केंद्रात पाठवली होती, ती सहा आठवड्यांनी परत आली, कडे सैल होऊन आणि एक टोपण हरवून. वजन किलोभर आहे, मान दुखते, रुंद पट्टा वेगळा घ्यावा.

पक्ष्यांसाठी कोणी घेणार असेल तर घेऊ नये. प्रत्येक डोळ्याचे कडे वेगळे फिरवून स्पष्टता साधावी लागते, तोवर खंड्या नदीतल्या चोडण बेटावर पोचलेला असतो. जहाजे मात्र थांबून राहतात. ज्याची खिडकी किंवा गच्ची नदीवर आहे, किंवा ज्याला रविवारी सड्यावर जाऊन दोन तास बसायला आवडते, त्याने जरूर घ्यावी, आणि दुकानात होकायंत्राशिवायची मागावी. मला ती दोन हजारांनी स्वस्त मिळत होती.