उन्हाळी सायन्स कॅम्प: कूलर पास, रोबोट नापास

नागपुरात मे महिन्यात पोरांना दुपारी घरात कोंडून ठेवायचं म्हणजे काय असतं हे इथल्या आईबापांना सांगायला नको. विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटी, तोवर मोबाईल नाहीतर कॅम्प. आम्ही यावर्षी प्रतापनगरच्या बाजूला एक सायन्स अँड इंजिनिअरिंग कॅम्प लावला, पोरगं सहावीत जाणार आहे. नाव लिहीत नाही कारण खाली सगळं काही चांगलं लिहिलेलं नाहीये आणि चालवणारे ओळखीतले आहेत. फी साडेचार हजार, आणि रोबोटिक्स हवं असेल तर पंधराशे वेगळे.

आधी जे आवडलं ते. मिनी कूलर. हे ज्या कोणाच्या डोक्यातून निघालं त्याला मानलं, कारण पुण्या-मुंबईच्या कॅम्पमध्ये हे कोणी करणार नाही आणि केलं तरी मुंबईच्या दमट हवेत चालणार नाही. थर्माकोलचा डबा, तीन बाजूंनी खिडक्या कापून त्यात कूलरचं गवत भरलेलं, खाली पाणी, छोटा पंप, आणि समोर जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा पंखा. पण बनवायच्या आधी शिकवणाऱ्या ताईंनी दोन थर्मामीटर टेबलावर ठेवले, एकाच्या बुडाला ओलं कापड गुंडाळलेलं, आणि पंखा लावला. ओल्यावाला उतरायला लागला तो कोरड्यापेक्षा १५-१६ डिग्री खाली जाऊनच थांबला. पोट्टे बघतच राहिले. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण आकडा डोळ्यासमोर खाली येताना बघणं वेगळं. आणि मग ताईंनीच विचारलं, तुमच्या घरचा कूलर जुलैत काऊन बेकार होते? एकजण म्हणाला गवत जुनं होते म्हणून, एकजण म्हणाला लाईट कमी येते. बऱ्याच वेळाने एका पोरीच्या लक्षात आलं की पावसाळ्यात हवेतच पाणी भरलेलं असतं, तर अजून कुठे उडणार.

आमच्या साहेबांच्या, म्हणजे पोराच्या, ग्रुपचा कूलर गरमच हवा फेकून राहिला होता. पंप चालू, गवत ओलं, तरी गरम. ताईंनी उत्तर सांगितलं नाही, एक अगरबत्ती पेटवून हातात दिली आणि धूर कुठून आत जातो ते बघा म्हणाल्या. धूर गवतातून जातच नव्हता, झाकणाच्या फटीतून सरळ आत खेचला जात होता. फटीला टेप मारली आणि हवा गार. मी तेव्हा न्यायला आलो होतो, दारात उभा राहून हे बघितलं, आणि माझे निम्मे पैसे तिथेच वसूल झाले.

दुसरं सिरिंजचं हायड्रॉलिक, म्हणजे जेसीबीचा हात. नागपुरात जेसीबी उभा नाही असा रस्ता दाखवा म्हणजे झालं, त्यामुळे पोरांना कौतुक होतंच. पुठ्ठ्याचा हात, सलाईनची नळी, रंगीत पाणी. ५ एमएलची सिरिंज दाबली की १० एमएलची कमी सरकते पण जोर जास्त लावते, हे त्यांना कंपासपेटी उचलायला लावून दाखवलं. नळीत हवेचा बुडबुडा राहिला की हात लुळा पडतो, कारण हवा दबते आणि पाणी दबत नाही. बुडबुडे काढण्यातच एक सेशन गेलं, टेबल, कपडे, फरशी सगळं निळं, आणि ते बरोबरच होतं.

सावलीचा प्रयोग पण मस्त. २६ मेच्या आसपास नागपुरात सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, १२ वाजून १० मिनिटांच्या सुमारास. स्टीलचा ग्लास उलटा ठेवला तर सावली दिसतच नाही. दिल्लीवाल्यांना हे जन्मात बघायला मिळत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर राहतात. आपल्याकडे जुलैत परत एकदा येते पण तेव्हा ढग असतात. पण भर बाराला गच्चीवर पोरं नेली तर टोप्या, पाणी याची सोय कॅम्पने करायला नको का? ज्याने घरून आणलं त्याचं भागलं. एकंदर सोयीच्या बाबतीत आनंदच आहे. एका पोराला ग्लू गनचा चटका बसला, ताईंनी लगेच नळाखाली हात धरला तर टाकीचं पाणी उकळतं, शेवटी माठातलं पाणी ओतलं. प्रथमोपचाराचा डबा होता म्हणे, कपाटात, आणि किल्ली सरांकडे.

सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, लिंबाची बॅटरी वगैरे झालं, ते घरी पण होतं.

आता रोबोटिक्स. पंधराशे रुपये इथे गेले. काळ्या पट्टीवर चालणारी गाडी, आर्डुइनोवाली (म्हणजे प्रोग्राम टाकता येतो असा छोटा सर्किट बोर्ड), पण आली ती जोडलेलीच, प्रोग्राम आधीच टाकलेला. सात-आठ पोरांत एक किट. पोरांनी काय केलं तर सेल घातले, बटण दाबलं, आणि सरांनी व्हिडिओ काढून पालकांच्या ग्रुपवर टाकला, खाली कमेंटा काय तर 'फ्युचर इंजिनिअर्स'. बटण दाबायचंच असेल तर आपलं नागपूरचं रमण विज्ञान केंद्र काय वाईट आहे, १९९२ पासून उभं आहे, आमची पिढी तिथली बटणं दाबूनच मोठी झाली, आणि तिथलं तिकीट पंधराशे नाही.

सगळ्यात जास्त चीड कशाची आली तर ती गाडी खिडकीपाशी गेली की पट्टी सोडून भरकटायची. पोरगं विचारून राहिलं, सर ही इथेच काऊन चुकते? सरांनी पडदा ओढला आणि म्हणाले चला पुढे. अरे बाबा, तोच तर खरा धडा होता! गाडीखालचा सेन्सर इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारा प्रकाश, फेकतो आणि किती परत आलं त्यावरून काळं-पांढरं ओळखतो, उन्हात पण इन्फ्रारेड भरपूर असतं, तर तो गोंधळणारच. ताईंच्या हातात ती गाडी असती तर त्यांनी पोरांना खिडकीपाशीच बसवलं असतं, पुठ्ठ्याचा आडोसा करायला लावला असता. एकाच कॅम्पमध्ये इतका फरक.

सर्टिफिकेट, ट्रॉफी, शेवटच्या दिवशी पाहुण्यांची भाषणं, यात एक अख्खी सकाळ गेली. त्याऐवजी अजून एक सेशन घेतलं असतं तर चाललं असतं.

तर पाठवायचं का? पाठवा, पण सकाळची ८ ची बॅच घ्या, ११ ची अजिबात नको, येताजाता पोरं भाजून निघतात. रोबोटिक्सला सरळ नाही म्हणा. आणि ॲडमिशनच्या वेळी विचारून घ्या की ताई यंदा आहेत का, नसतील तर मग साडेचार हजारांचा विचार करा. घरी करायचं असेल तर सिरिंज मेडिकलमध्ये मिळतात, सुईशिवाय मागा, दुकानदार आधी जरा संशयाने बघतो, पोरगं सोबत न्या.