भाड्याचा फ्लू गॅस अ‍ॅनालायझर: मशीन चोख, पाइप तपासून घ्या

आमचं काम स्टॅक मॉनिटरिंगचं, म्हणजे चिमणीतून निघणारा धूर (फ्लू गॅस) मोजण्याचं. लॅबचा अ‍ॅनालायझर दुरुस्तीला गेला होता, म्हणून अंधेरी एमआयडीसीतल्या एका एजन्सीकडून इन्फ्रारेडवर चालणारा पोर्टेबल संच भाड्याने आणला. कोळशावरच्या वीज केंद्राच्या चिमणीतला सल्फर डायऑक्साइड मोजायचा होता.

मशीनला नावं ठेवायला जागा नाही. झीरो (गॅस नसतानाचा आकडा) हलत नाही, स्क्रीन भर उन्हात वाचता येते. वजन मात्र भलतंच. दोरी लावून वर ओढावं लागलं. डिझाइन करणारा कधी चिमणीची शिडी चढला नसावा.

खरी गोम पाइपमध्ये. फ्लू गॅसमध्ये वाफ असते आणि सल्फर डायऑक्साइड पाण्यात चटकन विरघळतो. वाटेत वाफेचं पाणी होऊ नये म्हणून प्रोबपासून (चिमणीत घालायची नळी) कूलरपर्यंतचा (गॅस गार करून वाफ काढणारा भाग) पाइप १८० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवत ठेवायचा असतो. यांच्या पाइपचा मधला हातभर तुकडा गारच! थोडा वेळ चिमणीतला गॅस ओढल्यावर तपासणीसाठीचा ५०० पीपीएम (दहा लाखांत ५०० भाग) सल्फर डायऑक्साइडचा सिलिंडर थेट मशीनला जोडला, तर ४९७. तोच प्रोबच्या टोकाकडून सोडला, तर ४२०. उरलेला आत साचलेल्या पाण्याने गिळला. आकडा कमी आला की प्लांटवाले खूश, त्यामुळे आधीच्या गिऱ्हाइकांनी तक्रार केली नसणार.

फोन केला तर पलीकडून, "अहो साहेब, कॅलिब्रेशन सर्टिफिकेट दिलंय ना!" दिलंय हो, पण ते मशीनचं. दुसरा पाइप मात्र त्याच संध्याकाळी पाठवला, जादा पैसे न मागता. त्यावर ४९१ आले.

सेटिंगही बघून घ्या. मशीन वायूचं तापमान शून्य अंश धरून एका पीपीएमचे दर घनमीटरला २.८६ मिलिग्रॅम करत होतं. आपल्याकडे रिपोर्टला २५ अंश धरतात, म्हणजे २.६२. वर, जादा हवा मिसळली की गॅस पातळ होतो, म्हणून कोळशासाठी आकडा ६ टक्के ऑक्सिजनच्या हिशेबावर आणायचा. २१० पीपीएमचे ५५० मिलिग्रॅम होतात. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१५ च्या अधिसूचनेत ५०० मेगावॉटखालच्या जुन्या वीजसंचांना ६०० मिलिग्रॅमची मर्यादा होती, तिच्यात हे बसल्यासारखं वाटतं. पण चिमणीत ऑक्सिजन ८ टक्के असेल तर तोच आकडा ६३५ वर जातो.

भाडं वाजवी. डिपॉझिटसाठी मात्र मागे लागावं लागलं. मशीनला पाचपैकी साडेचार, एजन्सीला तीन. घ्यायला जाल तेव्हा पाइप तिथेच चालू करायला लावा आणि तापल्यावर पूर्ण लांबीभर बाहेरच्या आवरणावरून जपून हात फिरवून बघा.